शिक्का माझा, हातोडी दुसऱ्याची

पिंपरी-चिंचवडला कोणी हवापालटाला जात नाही, आणि चाकणला तर नाहीच नाही. आमच्या वसाहतीतली माणसं सुट्टीत केरळला जातात, मनालीला जातात, हल्ली व्हिएतनामलाही जातात, आणि परत आल्यावर वसाहतीच्या अंकासाठी चार पानं लिहून देतात. मी पाच दिवस कारखाने बघून आले. तरी लिहिते आहे, कारण समुद्रकाठच्या आपल्या अणुवीज केंद्राचा अर्धा जीव त्या पट्ट्यातून येतो. व्हॉल्व्ह तिथले, पंपांचे भाग तिथले, नळांचे जोड आवळून धरणारे बोल्ट तिथले. आपण कुणाच्या भरवशावर राहतो, हे एकदा बघायला हरकत नाही.

सहा वर्षं मी केंद्राच्या सुरक्षा आणि गुणवत्ता विभागाची प्रमुख होते. दौऱ्याच्या अर्जात मी लिहिलं होतं, 'पुरवठादारांची वार्षिक तपासणी'. ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की अकरा वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कारखान्यात मी एक चूक केली, चौकशी झाली तेव्हा खोटं लिहून दिलं, आणि ती चूक अंकुश माने नावाच्या माणसाच्या नावावर गेली. त्या खोट्यावर विसंबून पास झालेले आठ स्टड आपल्याकडच्या थंड पाण्याच्या एका लाइनवर अजून बसलेले होते. स्टड म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट. लांबून सगळे सारखेच दिसतात. ते योग्य पोलादाचे आहेत की नाहीत, हे बघायचं तर लाइन बंद करून ते काढावे लागणार. काढायला कारण लिहावं लागणार. आणि कारण अंकुश माने सांगू शकत होता. खरं तर मीही सांगू शकत होते. पण मी गप्प बसण्यात चांगलीच तयार झाले होते. घरीसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

आता तीन महिन्यांवर मोठं शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी केंद्र बंद ठेवायचा काळ, आलं होतं. स्टड काढायचे तर तेव्हाच, नाहीतर पुढची कित्येक वर्षं नाही. म्हणून गेले.

पिंपळे सौदागर, सोमवार

पुरवठादाराच्या गेस्टहाउसात उतरायचं नाही, हा माझा जुना नियम. म्हणून नणंदेकडे, मेधाकडे गेले. तिची सोसायटी म्हणजे बावीस-बावीस मजल्यांच्या सात इमारती, मध्ये पोहायचा तलाव, आणि पुढे एक फाटक, ज्याच्यापुढे आमच्या केंद्राच्या फाटकानं मान खाली घालावी. नाव विचारलं, नंबर विचारला, फोटो काढला. फोटोत डोळे मिटलेले आले म्हणून पुन्हा काढला.

"पर्पज काय टाकू मॅडम? गेस्ट, डिलिव्हरी का मेड?"

"मी वहिनी आहे तिची."

"वहिनीचा ऑप्शन नाय ना ह्याच्यात."

"मग पाहुणी टाका."

"पाहुणीला ओटीपी लागतो. त्यांच्या फोनवर गेलाय."

मेधा आंघोळीला गेली होती. मी वीस मिनिटं बॅगेवर बसून राहिले. तेवढ्यात बाजूच्या वाटेनं पाण्याचा टँकर, इस्त्रीवाला आणि दोन कुत्री आत गेली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. तपासणीचं सगळीकडे असंच असतं. जो थांबतो त्याची होते.

जेवताना मेधानं विचारलं, "वहिनी, तुम्ही कारखान्यात जाऊन नक्की करता काय? दादा म्हणतो, नुसत्या सह्या."

"सह्याच करते."

"मग त्या इथं बसून नाही का होत? पाठवून देतील की ते कागद."

"होतात," मी म्हटलं. "तोच घोळ आहे."

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. खरं सांगायची ती चांगली वेळ होती. मी आमटीत लिंबू पिळलं आणि तिच्या मुलीच्या बारावीचं विचारलं.

भोसरी, मंगळवार

भोसरीच्या औद्योगिक ब्लॉकांमध्ये रस्ते सरळ आहेत, एवढीच त्यांची शिस्त. बाकी रस्त्यावर लोखंडाचा भुगा, फुटपाथवर टेम्पो, आणि लेथच्या थंड तेलाचा तो आंबूस वास, जो साडीतून तीन धुण्यांनंतरही जात नाही. आमच्याकडे पिवळ्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकलं तर मेमो येतो. इथं पिवळा पट्टा मला दिसला तो एका दुकानाच्या शटरवर.

कारखान्याचे मालक सोपानशेठ. जुने भोसरीकर. कारखाना उभा आहे तिथं पूर्वी त्यांच्या वडलांची ज्वारी होती. ते फाटकातच शाल, नारळ आणि पेढ्याचा पुडा घेऊन उभे होते. वर फ्लेक्स. 'सुरक्षा प्रथम', खाली माझा फोटो, कुठून मिळवला देव जाणे. आणि तो फ्लेक्स बांधला होता आग विझवायच्या सिलिंडरला. आग लागली असती तर आधी माझ्या गाठी सोडाव्या लागल्या असत्या.

"मॅडम, किती वर्सांनी! आमाला वाटलं तुमी आमाला इसरला."

"शेठ, शाल नको. तपासणीच्या आधी सत्कार घेत नाही मी."

"मग नंतर घ्या. घाई न्हाई."

"नंतर तर नाहीच."

"तुमी लई कडक झाल्या." ते आतल्या माणसाला ओरडले, "अरं, मॅडमना एसीत बसवा! कागदं तितंच आणा!"

हा त्या पट्ट्याचा आतिथ्याचा धर्म आहे. तपासायला आलेल्या माणसाला गार खोलीत बसवायचं, चहा, मग बिस्किटं, मग दुसरा चहा, आणि माल ज्या शेडमध्ये आहे ती सोडून सगळं दाखवायचं. बाई असेल तर आणखीच सोपं. "शेडमध्ये कुठं जाता मॅडम, कपडे खराब होतील." मी शेडमध्ये जाते म्हटल्यावर कोरं हेल्मेट आलं, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस तळेगावला गेला होता. बत्तीस वर्षं मी कारखाने तपासते आहे आणि बत्तीस वर्षं तो माणूस कुठे ना कुठे गेलेला असतो.

शेड बदललेली नव्हती. तोच बार कापायचा बँड-सॉ, त्याच्यासमोर तेच लोखंडी घोडे, त्यांच्यावर पोलादाचे लांब बार. इथंच ते झालं होतं.

जरा समजावून सांगते. पोलादाचा प्रत्येक बार भट्टीच्या कोणत्या ओतातून आला, तो नंबर त्याच्या टोकावर ठोकलेला असतो. बार कापला की ते टोक वेगळं होतं आणि उरलेला तुकडा बेवारशी. म्हणून नियम असा, की कापायच्या आधी तो नंबर पुढच्या प्रत्येक तुकड्यावर ठोकायचा, आणि तपासनिसानं तिथं उभं राहून स्वतःचा शिक्का शेजारी मारायचा. शिक्का म्हणजे बोटाएवढा कडक पोलादाचा पंच, टोकाला आपला क्रमांक. तो कुणाला द्यायचा नसतो. आमच्यात मंगळसूत्रापेक्षा त्याला जास्त जपतात, असं माझे पहिले साहेब म्हणायचे.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी गावचा उत्सव होता. सोपानशेठनी कारखान्यातल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. पंगत बसलेली, वाढपी खोळंबलेले, आणि मी इकडे बारांपाशी. शेठ तीनदा बोलवायला आले. "मॅडम, तुमच्याबिगर घास उचलत न्हाईत." अंकुश माने कारखान्याचा क्वालिटीचा माणूस. उदगीरकडचा, तिशीतला, सावकाश बोलणारा. मी पर्समधून शिक्का काढला आणि त्याच्या हातात दिला. "तुम्ही मारून घ्या. मी जेवून येऊन बघते."

पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी. फार चांगलं जेवण होतं. परत येईपर्यंत सगळे बार कापून झाले होते आणि प्रत्येक तुकड्यावर माझा शिक्का होता. मी सही केली.

त्या तुकड्यांचे स्टड होऊन खोक्यांतून आमच्याकडे आले. दीड वर्षानं आमच्या स्टोअरमध्ये एका नव्या मुलीनं, कुणी सांगितलेलं नसताना, धातू ओळखायचं यंत्र खोक्यातल्या स्टडवर लावून बघितलं. एक स्टड दुसऱ्याच, कमी ताकदीच्या पोलादाचा निघाला. समिती बसली. मला विचारलं. मी चार ओळी लिहून दिल्या: सर्व बारांवर कापण्यापूर्वी, माझ्या समक्ष, शिक्का मारण्यात आला. त्या चार ओळींवरून समितीनं हिशेब मांडला, की मग घोटाळा कापल्यानंतर झाला, म्हणजे कारखान्याच्या क्वालिटीवाल्यानं केला, आणि तो शेवटच्या खोक्यात झाला. ते खोकं रद्द. पहिलं खोकं निर्दोष. पहिल्या खोक्यातले आठही स्टड तोवर लाइनवर बसलेही होते. अंकुश मानेच्या नावावर शेरा पडला, आणि आमचं काम करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात त्याला उभं करेनात.

मी सोपानशेठना विचारलं, "माने कुठं असतात आता?"

त्यांचा चेहरा जरा बंद झाला. "सोडा की मॅडम. झालं गेलं."

"शेठ, मला भेटायचंय."

"कशाला?" ते बँड-सॉकडे बघत म्हणाले. "मी त्याला काढला न्हाई, मॅडम. गावात सांगत्यात मी काढला. तुमच्या कागदानं काढला. त्यो बी गेला, आमचं काम बी तीन वर्सं गेलं. मी काय बोललो का तुमाला? उलट शाल आणली."

ते मग स्वतःच म्हणाले, "कासारवाडीला टेशनाजवळ काटे दुरुस्त करतो. वजनकाटे. माझ्याकडनं आलाय म्हनू नका."

त्या दिवशीची तपासणी मी पूर्ण केली. चार बारांचे नंबर ठोकलेले नव्हते, नुसते तोंडी सांगितलेले निघाले, दोन दाबमापकांची प्रमाणपत्रं एकाच कागदाच्या झेरॉक्स निघाली, फक्त तारीख वेगळ्या पेनानं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, गेज तोच हाय, चांगला हाय, त्याला काय झालंय?" जाताना गाडीत पेढ्याचा पुडा सापडला. परत पाठवला. शाल मात्र सीटखाली होती, ती पिंपळे सौदागरला पोचल्यावर कळली. कुरिअर करावी लागली.

चाकण, बुधवार

गुरुवारी जायचं ते बुधवारीच कासारवाडीला जाता आलं असतं. चाकणची तपासणी ठरलेली आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

चाकणच्या चौकाबद्दल मी लिहायला लागले तर अंक पुरायचा नाही. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले ट्रेलर, त्यांच्यामध्ये कांद्याचे टेम्पो, त्यांच्यामध्ये कंपन्यांच्या बसेस, आणि सगळ्यांच्या मधून एकेक इंच पुढे सरकणारे आम्ही. भाड्याच्या गाडीचे चालक गोरखभाऊ मोबाइलवर कीर्तन ऐकत शांत बसले होते.

"भाऊ, दहाला पोचायचं होतं."

"मॅडम, इथं टायमाला कोण पोचत नाय. पोचलं तर कंपनीवाले घाबरतात, म्हणतात हा आला कुठून."

साडेअकराला पोचले. ही कंपनी नवी, काचेची, चकचकीत. फाटकावर सुरक्षेची फिल्म दाखवतात आणि वर पाच प्रश्नांची परीक्षा घेतात. मी चार बरोबर दिले. पाचव्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर चुकीचं होतं. सांगितलं, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही ऑप्शन बी टाका ना, पुढं जाता येईल." मी बी टाकलं. मला काय काय टाकता येतं, हे मला माहीत आहे.

इथं शिक्का नसतो. सगळं ॲपवर. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरून दाब द्यायचा, तो अर्धा तास धरायचा, तपासनिसानं समोर उभं राहून बघायचं, मग तपासनिसाच्या मोबाइलवर नंबर येतो, तो टाकला की व्हॉल्व्ह पास. फार सुंदर व्यवस्था. मॅनेजर कुलकर्णी मला मोठ्या पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा दाखवत होते, आणि दुपारचा एक वाजल्यावर माझ्यासाठी खास खेडहून मागवलेली मासवडी आली.

मासवडीत मासा नसतो, हे समुद्रकाठच्या वाचकांना सांगायला हवं. बेसनाच्या आवरणात तीळ-खोबरं-लसणाचं सारण, माशासारखा तिकोनी आकार, आणि शेजारी डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. आमच्याकडे कुणी मासा नसलेल्या पदार्थाला असं नाव देणार नाही. पण चव अशी, की मी दुसरी वडी उचलली. तेवढ्यात फोन वाजला. खालून, टेस्टिंगचा इंजिनिअर.

"मॅडम, तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आलाय बघा. तेवढा सांगा ना."

"कशाचा?"

"टेस्टचा. तुम्ही जेवा निवांत. आम्ही टाकून घेतो."

मी हातातल्या वडीकडे बघितलं. ती ताटात परत ठेवली. कुलकर्णी म्हणाले, "सांगून टाका मॅडम, रस्सा गार होईल."

मी तशीच खरकट्या हातानं खाली गेले. व्हॉल्व्ह बाकावर होता. कोरडा. त्याच्यात अजून पाणीसुद्धा भरलेलं नव्हतं. पडद्यावर मात्र 'दाब तीस मिनिटे स्थिर' असं लिहून तयार होतं, फक्त माझ्या नंबरासाठी थांबलेलं.

"हे काय आहे?"

"मॅडम, होणारच आहे ना पास. आपला व्हॉल्व्ह कधी फेल जात नाय."

"मग कशाला करता टेस्ट?"

"तुमच्याच डॉक्युमेंटमध्ये आहे म्हणून."

त्याच्यावर काय चिडणार? त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की तो माझा त्रास वाचवतो आहे. मी पाणी भरायला लावलं, दाब द्यायला लावला आणि स्टूल घेऊन अर्धा तास त्या व्हॉल्व्हसमोर बसले. सगळे माझ्याभोवती उभे, मोबाइल बघत, एखाद्याच्या घरी आजारी माणसाला बघायला गेल्यासारखे. व्हॉल्व्ह थेंबभरही गळला नाही. पास झाला. त्याचाच मला जास्त संताप आला, कारण आता तो इंजिनिअर आयुष्यभर म्हणणार, बघा, त्या मॅडमनी उगाच जेवण टाकलं.

परतीच्या वाटेवर चौकात पुन्हा तासभर. गोरखभाऊंनी विचारलं, "उद्या कुठं?" मी म्हटलं, कासारवाडी.

कासारवाडी, गुरुवार

स्टेशनच्या बाहेर, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सच्या मध्ये, सहा बाय आठचं दुकान. बाहेर खोकी, आत काट्यांचे सांगाडे. अंकुश माने चष्मा कपाळावर ठेवून एका काट्याच्या ताटलीच्या चार कोपऱ्यांवर आळीपाळीनं एकच वजन ठेवून बघत होते. केस पांढरे झाले होते. बाकावर एक भाजीवाली बाई पाय पसरून बसली होती.

"ओ माने, द्या की आता. कोपऱ्यावर कोण ठेवतंय वांगी? मधी ठेवत्यात."

"थांबा आक्का. चारी कोपऱ्याला सारखं आलं पाहिजे. सरकारी शिक्क्याला न्यायचाय उद्या तुम्हाला." त्यांनी मान वर केली, मला बघितलं, आणि ते वजन हळूच खाली ठेवलं.

"मॅडम."

"ओळखलंत."

"न ओळखायला काय झालं? बसा की." त्यांनी खुर्चीवरचे सुटे भाग उचलले. "चहा सांगू का?"

"नको. मला एक विचारायचंय." मी बाईकडे बघितलं.

"आक्काला काय कळणार न्हाई. बोला."

"मला समदं कळतंय," आक्का म्हणाल्या.

मी विचारलं. त्या दिवशी शिक्का कापायच्या आधी मारला की नंतर?

त्यांनी ते वजन उचलून डब्यात ठेवलं. मग म्हणाले, "हे विचारायला अकरा वर्षं लागली?"

"हो."

"नऊ बारांना आधी मारलो. तीन बार सेकंड शिफ्टवाल्यांनी आदल्या दिवशीच कापून ठेवले होते. ट्रेमध्ये तुकडे होते, त्यांच्यावर नंबरच नव्हता. त्यांच्यावर नंतर मारलो. पहिलं खोकं त्याच तुकड्यांचं. उरलेसुरले शेवटच्यात गेले."

म्हणजे आमचे आठ स्टड त्याच बेवारशी तुकड्यांचे. समितीनं निर्दोष ठरवलेले.

"मला हे माहीत असतं तर..." मी सुरुवात केली.

"मी सांगितलो होतो की तुम्हाला."

मी बॅगेची चेन उघडू लागले.

"पंगतीत आलो होतो. तुमच्यामागं वाकून सांगितलो. मॅडम, तीन बार आधीच कापलेत, काय करू? तुम्ही काय म्हणाला, आठवतंय का?"

आता इथं मला खरं लिहायला हवं. वर मी म्हटलं, शिक्का दिला, जेवले, सही केली. तेवढंच मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आले. पण ते पंगतीत आले होते. माझ्या हातात पोळी होती, समोर सोपानशेठच्या आई तूप वाढत होत्या, आणि मला सगळ्यांसमोर पानावरून उठायची लाज वाटली. मला आठवत होतं. मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं.

"म्हणाले होते, मारून टाका, मी आहे ना."

"बरोबर," माने म्हणाले. "मी त्या तीन शब्दांवर मारलो. मग समितीत तुम्ही नव्हतातच."

आक्का पुढे वाकल्या होत्या. "मंग ह्यांची नोकरी ह्या बाईनी घालवली व्हय?"

"आक्का, गप बसा."

"गप काय? माझा काटा आज आठ दिस झालं रखडलाय, कारण तुमी चार कोपरे बघताय. आन ह्यांनी एक कोपरा बगितला न्हाई."

याच्यापेक्षा नेमकी चौकशी कुठल्याच समितीनं केली नव्हती.

मी बॅगेतून कागद काढला. आदल्या संध्याकाळी मेधाच्या टेबलावर जबाब लिहून ठेवला होता. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि कागद वाचला. मग झेरॉक्सवाल्याकडून लाल पेन मागवून घेतलं.

"'काही बार शिक्क्यापूर्वी कापले गेले असण्याची शक्यता आहे.' हे काय मॅडम? किती बार, कुणी कापले, कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, ते लिहा. आणि तुम्ही काय म्हणाला, तेही लिहा. माझ्या रिपोर्टात असलं गुळमुळीत लिहिलं असतं तर तुम्हीच परत पाठवला असता."

पाठवला असता. बाकावर बसून मी तो पुन्हा लिहिला. जिथं खोडलं तिथं त्यांनी माझी छोटी सही घ्यायला लावली. पानावर मोकळी राहिलेली जागा तिरकी रेघ मारून बंद केली, म्हणजे नंतर कुणाला काही भरता येऊ नये. साडेनऊ वर्षं माणूस या कामाच्या बाहेर होता आणि हात विसरला नव्हता. माझी सही झाल्यावर त्यांनी झेरॉक्स काढून घेतली, स्वतःसाठी.

मी म्हटलं, "माने, तुमच्या नावावरचा शेरा काढायला लिहिते आहे."

"लिहा. पण मी आता जाणार न्हाई तिकडं. पोरगीचं शिक्षण झालं, हे दुकान बरं चाललंय." ते काट्याकडे वळले. "आधी ते आठ काढा. कुठल्या लाइनवर आहेत?"

सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग आक्काला काटा दिला, आणि मला जायला सांगितल्यासारखं पुढचं खोकं उघडलं.

परत

शुक्रवारी मी निघाले आणि सोमवारी तो जबाब वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. मग सुरू झाला तो संयमाचा प्रकार. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक म्हणाले, "अहो, अकरा वर्षं टिकलेत ना? मग आता कशाला?" दुसरे म्हणाले, "निवृत्तीला तीन वर्षं राहिली तुमची, शांत राहा." तिसऱ्यांनी दार लावून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी सगळ्यांना एकच सांगत होते, आठ स्टड आहेत, शटडाउनला काढा. शेवटी 'काढणार नाही' असं मी लेखी मागितलं तेव्हा हललं. मला पदावरून बाजूला केलं, चौकशी लावली, माझा शिक्का जमा करून घेतला. पावती दिली. घरी सांगितलं तेव्हा नवरा इतकंच म्हणाला, "म्हणून तू पुरणपोळी खात नव्हतीस?" इतक्या वर्षांत त्याच्या ते लक्षात आलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

शटडाउनमध्ये आठही काढले. मला आत जायची परवानगी नव्हती, वर्कशॉपच्या दारात उभं राहू दिलं. स्टोअरमधल्या त्याच मुलीनं, जी आता सीनियर आहे, यंत्र लावलं. सात बरोबर निघाले. एक कमी ताकदीचा. लाइनवर तो तुटला नव्हता, गळतीही नव्हती. आठातले सात धरून होते. आठवा त्यांच्यात लपून बसला होता.

दुपारी मी माने यांना फोन केला. सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "नवे बसवले?"

"बसवले. यंत्रानं बघून."

"नंबर काय आहे त्या एकावर?"

मी वाचून दाखवला. शेजारी माझा शिक्का, जरा तिरका.

"तिरका आहे ना? तो मारलेला आठवतोय मला. दुसरे सरळ आहेत. तो तुकडा ठोकताना जरा मऊ लागला होता, हे पण आठवतंय." पलीकडे कुणीतरी काट्याचं विचारत होतं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं. "मॅडम, तुमच्या पत्राची कॉपी मला आली. त्यात शेवटी लिहिलंय, अंकुश माने यांचा कोणताही दोष नाही."

"हो."

"ते खोडा. नंबर नसलेल्या तुकड्यावर नंबर ठोकलो मी. तुम्ही म्हणाला म्हणून ठोकलो, पण हातोडी माझ्या हातात होती. तेवढं लिहा. इतकी वर्षं तुमचं पण माझ्या नावावर होतं, ते काढलंत, चांगलं झालं. आता माझं होतं तेवढं राहू द्या."

मी पेन घेतलं आणि ते सांगतील तसं लिहून घेतलं. त्यांनी ते फोनवर एकदा परत वाचायला लावलं, तारीख घातली का विचारलं, आणि मग फोन ठेवला.